गजकर्ण, नायटा, दाद: मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये पाऊस लागला की मुंबईतल्या त्वचारोगाच्या ओपीडीबाहेर गर्दी वाढते, आणि ऑक्टोबरच्या घामट उकाड्यातही ती ओसरत नाही. जांघेत, कमरेवर, काखेत, छातीखाली किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज, ही त्या गर्दीतल्या कितीतरी जणांची तक्रार असते. आणि त्यातल्या बहुतेकांनी आमच्याकडे येण्याआधी मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावलेली असते. मी त्वचेचा डॉक्टर आहे. त्या ट्यूबमुळे गजकर्ण (यालाच नायटा किंवा दाद म्हणतात) हा साधा आजार कसा बिघडतो हे मी रोज पाहतो, म्हणून इथे त्याबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे. प्रश्न रुग्ण विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत.

गजकर्ण म्हणजे आत किडा असतो का? रक्त खराब झाल्यामुळे होतं का?

दोन्ही नाही. ही बुरशी आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो केराटिन नावाच्या प्रथिनाने बनलेला असतो. केस आणि नखंही त्याचीच. ही बुरशी ते केराटिन खाऊन जगते. ती रक्तात उतरत नाही, पोटात जात नाही. त्यामुळे 'रक्तशुद्धी'च्या बाटल्या पिऊन गजकर्ण जात नाही. तो पैसा वाया जातो.

बुरशी एका ठिपक्यापासून सुरू होऊन चहूबाजूंनी बाहेर सरकते. जिथे ती ताजी असते ती कड लाल, उंचवट्याची, खवलेदार दिसते आणि मागे सोडलेला मधला भाग निवळलेला दिसतो. म्हणून ते गोल कडं तयार होतं. केस पेपरवर डॉक्टरांनी 'टिनिया' असं लिहिलं असेल तर ते हेच: अंगावर असेल तर टिनिया कॉर्पोरिस, जांघेत असेल तर टिनिया क्रुरिस, पायाला असेल तर टिनिया पेडिस.

मला झालंय ते गजकर्णच आहे हे कसं ओळखायचं?

कडेला लाल, मध्ये फिकट, हळूहळू मोठा होणारा आणि घाम आला की जास्त खाजणारा चट्टा असेल तर बहुधा गजकर्णच. जांघेतला चट्टा मांडीच्या आतल्या बाजूने खाली उतरतो, कधी मागे नितंबांवर जातो. बायकांमध्ये कमरेवर, जिथे परकराची नाडी किंवा लेगिंगचं इलॅस्टिक करकचून बसतं, तिथे पट्टाच्या पट्टा उठतो.

पण प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. छाती-पाठीवर पांढुरके किंवा तपकिरी, पातळ कोंडा धरलेले ठिपके असतील आणि खाज फारशी नसेल, तर ती शिबं. तीही बुरशीच, पण वेगळी, आणि तिचे उपचार बरेच सोपे असतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या, रात्री झोप उडवणारी खाज आणि घरात दोघा-तिघांना एकदम त्रास, असं असेल तर खरूज. ती बारीक किड्यामुळे होते, तिला बुरशीचं मलम लागू पडत नाही. कोपर, गुडघे, डोक्याच्या कातडीवर जाड चंदेरी पापुद्रे असतील तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. इसबाचे गोल चट्टेही गजकर्णासारखेच दिसतात, तिथे आम्हीही कधीकधी तपासणी केल्याशिवाय बोलत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, खाज नाही आणि तिथे स्पर्श कमी कळतो, तर ते गजकर्ण नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. तो बहुविध औषधांच्या उपचाराने पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत हे औषध मोफत मिळतं. वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून याच कामासाठी उभं आहे. लाजेपायी चट्टा लपवून ठेवला तर हातापायाच्या नसांचं नुकसान होतं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

डॉक्टरांनी पातं घेऊन कातडी खरवडली. कशासाठी?

चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. स्वस्त, बिनदुखण्याची, थोड्याच वेळात होणारी तपासणी आहे. डॉक्टर सांगत असतील तर नाही म्हणू नका. आदल्या दिवसांत मलम लावलेलं असेल तर धागे दिसत नाहीत, म्हणून तसं आधी सांगा.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबली. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. तुम्हाला दिलेल्या ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतील: एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची आणि एक स्टेरॉइड. दोन दिवसांत आराम पडतो तो स्टेरॉइडमुळे. खाज आणि लाली ही शरीराची बुरशीशी चाललेली झुंज असते; स्टेरॉइड ती झुंजच थांबवतं. वरून कातडी शांत दिसते आणि खाली बुरशी मोकाट पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुपटीने परतते, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, 'हीच तेवढी मला लागू पडते' म्हणून शेजाऱ्यालाही नाव सांगतो. असं चक्र वर्ष-वर्ष चाललेले रुग्ण मी पाहतो.

अशा वेळी चट्ट्याचं रूपच बदलतं. कड पुसट होते, किंवा एका कड्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं कडं दिसू लागतं. एका कड्यात दुसरं कडं दिसलं की 'स्टेरॉइडचं मलम लावत होतात का?' हा माझा पहिला प्रश्न असतो. त्याहून वाईट म्हणजे जांघेची आणि काखेची कातडी पातळ होते, लालसर-पांढऱ्या भेगांसारखे पट्टे पडतात. पोटुशी बाईच्या पोटावर पडतात तसेच, कायमचे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर हे पट्टे पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं आणि आता मी ते पुसू शकत नाही. चेहऱ्यावर लावलं तर मुरुमं, लव वाढणं आणि उन्हात आग होणं हे वेगळंच.

ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, डेक्सामेथासोन यातलं एकही नाव असेल तर ती ट्यूब गजकर्णाला नको. 'सोल' आणि 'सोन'वर संपणारी ही नावं स्टेरॉइडची. 'झोल'वर संपणारी, म्हणजे क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, लुलिकोनाझोल, ही बुरशीवरची. दोन्ही प्रकारची नावं एकाच ट्यूबवर असली तरी ती ट्यूब नकोच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. दुकानदाराने काढून दिली म्हणून घ्यायलाच हवी असं नाही. 'दादा, स्टेरॉइड नसलेलं साधं क्लोट्रिमाझोल द्या' एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ.

आणि जर तुम्ही बरेच महिने असं मलम लावत आला असाल तर घाबरून लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून ट्यूबचं नाव न सांगणारे खूप जण असतात. उपचाराचा मार्ग त्या नावावरूनच ठरतो.

आमच्या लहानपणी गजकर्ण आठ-पंधरा दिवसांत जायचं. आता महिनोन्महिने का जात नाही?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे गजकर्णाची जातच बदलली. आधी जांघेत-पायात सापडणाऱ्या ट्रायकोफायटॉन रुब्रम या बुरशीची जागा दुसऱ्या एका ट्रायकोफायटॉनने घेतली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव दिलं. ही एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जाते, अंगावर मोठे पट्टे उठवते, चेहऱ्यावरही येते. तिच्यातल्या एका जनुकात बदल झाल्यामुळे टर्बिनाफिन हे एकेकाळचं हुकमी औषध अनेकदा तिच्यावर चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही ही बुरशी सापडल्याची नोंद तिथल्या आरोग्ययंत्रणेने केली.

ही बुरशी इतकी का फोफावली, याला स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूब आणि अर्धवट सोडलेले उपचार जबाबदार आहेत, असं बहुसंख्य त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे. माझंही तेच आहे. त्यामुळे जुन्या काळच्या अनुभवावरून 'चार दिवस लावू, जाईल' असं धरून चालू नका.

मलम लावायची बरोबर पद्धत कोणती?

आंघोळीनंतर अंग टिपून पूर्ण कोरडं करा. मलम नुसतं चट्ट्याच्या मध्ये थापू नका. बुरशी कडेला जास्त असते. कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे साधारण बोटभर रुंदीचा पट्टा, बाहेरून आत असं लावत या. बहुतेक मलमं दिवसातून दोनदा लावायची असतात, काही एकदाच, चिठ्ठी बघा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवा. लावल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर तेच हात मानेला आणि तोंडाला लागतात.

घामाच्या जागी भरपूर पावडर मारू नका. ती ओली होऊन गोळे बनतात आणि घासून कातडी सोलते. अँटिसेप्टिकचं पाणी, कडक साबण, ब्रशने रगडणं हेही नको.

गोळ्या घ्याव्याच लागतात का? लिव्हर खराब होतं म्हणतात.

एक-दोन लहान चट्टे असतील, आधी काही उलटसुलट लावलेलं नसेल, तर नुसतं मलम पुरतं. चट्टे पसरलेले असतील, वारंवार होत असेल, डोक्यात किंवा नखांत असेल, स्टेरॉइड लावून झालं असेल, तर गोळ्या लागतात. सध्या इट्राकोनाझोल जास्त दिलं जातं. टर्बिनाफिनही देतात. लहान मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला ग्रिसिओफल्विन हे जुनं औषध अजूनही कामाला येतं.

लिव्हरची भीती अगदीच खोटी नाही, पण ती वाढवून सांगितली जाते. बहुतेकांना काही होत नाही. कावीळ झालेली असेल, दारू नियमित असेल, वय जास्त असेल, तर आम्ही आधी रक्त तपासतो आणि लांबलेल्या उपचारात मधूनही तपासतो. लघवी गडद पिवळी होणं, भूक मरणं, मळमळ असं झालं तर गोळ्या थांबवून लगेच दाखवा. इट्राकोनाझोलबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या. हृदय कमजोर असणाऱ्यांना ते देत नाहीत. आणि कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करणं, झोप अशा काही औषधांशी त्याचं जमत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. साधी कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची. अॅसिडिटीची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध अंगी लागत नाही. 'रिकाम्या पोटी घेतली, वर अॅसिडिटीची गोळी घेतली आणि गुण नाही' हे मी नेहमी ऐकतो.

मग किती दिवस?

साध्या गजकर्णाला दोन ते चार आठवडे. आज दिसणाऱ्या चिवट गजकर्णाला सहा-आठ आठवडे, काहींना तीन महिन्यांहून जास्त. खाज पहिल्या पंधरवड्यात कमी होते आणि तिथेच बहुतेक जण औषध सोडतात. गणपतीला गावी जायचंय म्हणून सुटलेलं औषध दिवाळीत दुप्पट चट्टे घेऊन परत येतं.

खाज गेली पण काळे डाग राहिले. बुरशी आहे का अजून?

कड सपाट आहे, खवले नाहीत, खाज नाही, तर बुरशी गेली. डाग ही मागे राहिलेली खूण आहे; काही महिन्यांत आपोआप फिकी होते. त्यासाठी गोरं करणारं मलम जांघेत लावू नका, त्यातल्या काहींत पुन्हा स्टेरॉइडच असतं.

पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात. त्यांचं एवढं काय?

मुंबईत तरी चिखल्या कमी लेखू नयेत. दिवसभर ओले बूट-मोजे, किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेले पाय, की चौथ्या-पाचव्या बोटाच्या बेचक्यातली कातडी पांढरी, मऊ होऊन सोलते, वास येतो. तिथे बुरशी असते आणि मागाहून जंतूही येतात.

खरी अडचण भेगांची आहे. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, कुर्ला, जिथे जिथे पाणी तुंबतं तिथे त्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते आणि लेप्टोस्पायराचे जंतू कातडीच्या फटीतून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने लेप्टोची, म्हणजे या जंतूंमुळे येणाऱ्या तापाची, मोठी साथ पाहिली आहे. त्यामुळे चिखल्या असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून लेप्टो टाळण्याची गोळी लागते का ते विचारा. पालिका दर पावसाळ्यात हेच सांगते. त्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर तो व्हायरल समजून अंगावर काढू नका.

शुगर असणाऱ्यांना याच भेगांतून पायाला सूज, लाली, पू असं होऊन रुग्णालयात भरती व्हावं लागतं.

उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात. ऑफिसात एक कोरडी सुती मोज्यांची जोडी आणि उघड्या चपला ठेवा. पाऊस असेल त्या दिवशी रबरी किंवा प्लास्टिकच्या सँडल घालून या, कातडी बूट ऑफिसच्या खणात राहू द्या. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचकं कोरडं पुसा. पाय धुतात सगळे, बेचकं पुसत कोणी नाही. पोलीस, बेस्टचे चालक-वाहक, सफाई कामगार, घरपोच माल देणारी मुलं, कोळणी यांना दिवसभर ओलं राहावंच लागतं. त्यांनी बुटांच्या दोन जोड्या आलटून-पालटून वापरल्या तर निम्मं काम होतं. गमबूट आतून ओला असेल तर तो उलट त्रास वाढवतो.

एकाला झालं की घरात सगळ्यांना होतं. खोली एक, माणसं सहा. काय करायचं?

हा या शहराचा खरा प्रश्न आहे आणि त्याला 'वेगळ्या खोलीत राहा' हे उत्तर चालत नाही. तरी दहा बाय बाराच्या खोलीतही बरंच करता येतं.

सगळ्यात आधी, ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार सुरू करा. सासूबाई 'मला काही नाही' म्हणतात, पण त्यांच्या कमरेवर पट्टा असतो. नवरा लाजून सांगत नाही. एक जण राहिला की तीन महिन्यांनी सगळं घर पुन्हा सुरुवातीला येतं. नवरा-बायकोत तर दोघांना तपासल्याशिवाय मी उपचार सुरू झाला असं मानत नाही.

टॉवेल, पंचा, साबणाची वडी, चादर प्रत्येकाची वेगळी. टॉवेल एकच असेल तर जुना सुती लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा चालतो. रोज धुऊन वाळतो तरी.

झडलेल्या कोंड्यातली बुरशी कपड्यांत महिनोन्महिने टिकते. थंड पाण्याने धुतल्याने ती मरत नाही. रुग्णाचे आतले कपडे, टॉवेल आणि चादरी ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा. मशीनमध्ये तो पर्याय नसेल तर गॅसवर पाणी कढत करून बादलीत अर्धा तास भिजवा. ते कपडे घरच्या इतर कपड्यांच्या ढिगात टाकू नका.

वाळवणं मात्र पावसाळ्यात अवघड. गॅलरीच्या दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, आणि ओलसर अंतर्वस्त्र घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. पंख्याखाली दोरी बांधा, आणि घालण्याआधी कपडा उलटा करून शिवणींवर, इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवा. लाँड्रीवाल्या भैयाकडे अंतर्वस्त्रं कोणी देत नाही, त्यामुळे नेमकी त्यांनाच इस्त्री होत नाही. ऊन पडलं की गाद्या-उशा बाहेर काढा.

लोकलच्या गर्दीतून लागतं का?

सीटला टेकल्याने किंवा दांडा धरल्याने लागण्याची शक्यता फार कमी. लोकलचा वाटा वेगळा आहे: दीड-दोन तास घामाने चिंब होऊन तेच कपडे अंगावर सुकवणं. विरारहून चर्चगेटला किंवा बदलापूरहून सीएसएमटीला रोज येणाऱ्यांनी पिशवीत एक बदलायचा बनियन ठेवावा आणि ऑफिसला पोहोचल्यावर आधी तो बदलावा. घट्ट जीन्स, सिंथेटिक लेगिंग, साडीखालचे घट्ट शेपवेअर उपचार चालू आहेत तोवर बाजूला ठेवा. पुरुषांनी व्ही आकाराच्या अंडरवेअरऐवजी सैल सुती बॉक्सर घालावी.

करगोटा काढावा लागेल का?

होय, उपचार संपेपर्यंत. करगोटा, मनगटावरचे दोरे, गंडा, ताईत ओले राहतात आणि त्यांच्या धाग्यांत बुरशी मुक्काम करते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना मी देवापुढे ठेवून द्या म्हणतो, बरं झाल्यावर नवा घाला. कोणी कधी नाराज झालेलं नाही. चांदीचा करगोटा असेल तर रोज काढून गरम पाण्याने धुऊन पुसा.

मुलाच्या डोक्यात गोल टक्कल पडलंय. चाई आहे का?

चाईत कातडी गुळगुळीत असते. तिथे कोंडा, तुटके केस, खाज असेल तर गजकर्ण. नुसतं मलम किंवा शाम्पू याला पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. तोंडावाटे औषध लागतं. कधी डोक्यावर मऊ, पू भरलेली, दुखरी गाठ येते. तिला केसतोड समजून पिळू नका किंवा चिरून घेऊ नका, तिथले केस कायमचे जातात. घरात मांजराचं किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल तर त्याच्या अंगावर केस गेलेली जागा आहे का बघा. सोसायटीतल्या पिल्लांशी मुलं खेळली तर चूक नाही, पण असं पिल्लू दिसलं तर त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

कंगवा, टोपी, उशी वेगळी ठेवा. उपचार सुरू झाल्यावर मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही. महिनाभर घरी बसवायची गरज नाही.

नखं पिवळी, जाड झालीत.

ती बुरशी असू शकते, पण प्रत्येक जाड नखात बुरशी नसते, म्हणून आधी तपासणी. हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. नखातली बुरशी राहिली तर तिथून जांघेत पुन्हा-पुन्हा जाते.

शुगर आहे, तर काही वेगळं?

हो. वारंवार बुरशी होत असेल आणि कधी साखर तपासली नसेल तर आधी ती तपासा. कितीतरी जणांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. शुगरमध्ये कँडिडा नावाची वेगळी बुरशीही कातडीच्या घड्यांत आणि गुप्तांगावर होते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

दिवस गेलेत. काय लावू?

क्लोट्रिमाझोलसारखं साधं मलम डॉक्टरांना विचारून लावता येतं. गोळ्या सहसा बाळंतपणानंतरच.

टाकळा, लसूण, लिंबू, टूथपेस्ट लावू का?

लसूण, लिंबू आणि टूथपेस्ट अजिबात नको. जांघेची नाजूक कातडी लसणाने अक्षरशः भाजते, फोड येतात. टाकळ्याच्या बियांचा लेप नायट्याला लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि टाकळ्यातल्या काही घटकांत बुरशीविरोधी गुण असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंही आहे. पण आजच्या चिवट गजकर्णाला तो पुरा पडत नाही. पावसाळ्यात दादरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांची भाजी मात्र जरूर करा.

नायट्यावर जालीम लेप शोधायचा नाद जुनाच. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली भुकटी 'गोवा पावडर' म्हणून विकली जाई. तिने नायटा जाई, पण कातडी जळे आणि कपड्यांना डाग पडत.

वांगं, आंबट, मासे बंद करू का?

नाही. बुरशीचा त्यांच्याशी संबंध नाही. श्रावण पाळायचा असेल तर श्रद्धेने पाळा, गजकर्णासाठी नको.

बरं झाल्यावर पुन्हा होतं का?

होऊ शकतं. एकदा झालं म्हणून शरीर कायमचं सज्ज होत नाही. पुन्हा पहिला रुपयाएवढा चट्टा दिसला की तेव्हाच या. तेव्हा मलमावर भागतं. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून घेऊ नका.

कुठे दाखवायचं? खासगीचा खर्च झेपत नाही.

परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर या पालिकेच्या आणि भायखळ्याच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. घराजवळचा पालिकेचा दवाखाना किंवा २०२२ मध्ये सुरू झालेले 'आपला दवाखाना' इथूनही सुरुवात करता येते. गरज पडली तर ते पुढे पाठवतात. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. चट्टे मोबाइलवर फोटोत दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवा. जांघ दाखवायला संकोच वाटत असेल तर पुरुष किंवा स्त्री डॉक्टर मागून घेता येतात, तसं बिनदिक्कत सांगा.

तान्हं बाळ, चेहऱ्यावर डोळ्याजवळचा चट्टा, केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असलेला रुग्ण यांनी घरी मलम लावून पाहत बसू नये. आणि पाय लाल, गरम होऊन सुजला, थंडी वाजून ताप आला, किंवा चट्ट्यातून पू येऊ लागला, तर ओपीडीची वेळ बघू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा.